शून्याच्या खाली जाणारा कर

आपल्याकडे आयकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. त्याची रीत अशी की कर आधी नेहमीसारखा मोजतात आणि मग साठ हजार रुपयांपर्यंतची सूट देऊन तो शून्यावर आणतात. ज्याचा कर मुळात दहा हजारच निघाला त्याला सूट दहा हजारांचीच. उरलेले पन्नास हजार कोणी त्याच्या खात्यात भरत नाही.

अमेरिकेच्या करकायद्यात एक सवलत अशी आहे की ती शून्यापाशी थांबत नाही. तिचे नाव अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, बोलण्यात ईआयटीसी. कष्ट करून थोडके कमावणाऱ्या घरांसाठी ती आहे. कर पुरता फिटल्यावरही सवलतीतली रक्कम उरली, तर तेवढा पैसा सरकार त्या घराला रोख देते. २०२३ या करवर्षासाठी सुमारे २ कोटी ३० लाख करदात्यांना मिळून सुमारे ६,४०० कोटी डॉलर मिळाले, म्हणजे सरासरी २,७०० डॉलरच्या पुढे. मुलाबाळांच्या घरातली गरिबी कमी करणाऱ्या अमेरिकी योजनांमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे आणि ते तिने कमावलेले आहे. पण हा पैसा आपोआप येत नाही. विवरणपत्र भरून तो मागावा लागतो, आणि हक्क असलेल्या पाच जणांपैकी साधारण एक जण तो मागतच नाही. ही सवलत कशी चालते हे नीट समजून घ्यायचे ते मुख्यतः यासाठी.

कल्पना आली कुठून

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात उलट्या आयकराची कल्पना मांडली होती. एका मर्यादेच्या वर कमावणारा सरकारला कर देतो, तसा मर्यादेच्या खाली असणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत, असा तिचा गाभा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये याच वळणाची कुटुंबसाहाय्य योजना पुढे आणली. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सेनेटमध्ये अडकली आणि तिथेच संपली. तिला ठाम विरोध करणाऱ्यांत लुइझियानाचे सेनेटर रसेल लाँग होते. सेनेटची वित्त समिती त्यांच्या हातात होती. काम न करणाऱ्याला सरकारी पैसा मिळू नये, असे त्यांचे मत होते. मात्र काम करूनही ज्याचे भागत नाही, त्याला बक्षिसी द्यायला त्यांची ना नव्हती.

त्यातून १९७५ मध्ये ही सवलत जन्माला आली. त्या वर्षी २९ मार्चला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. पहिल्या ४,००० डॉलरच्या कमाईवर दहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर. त्यापुढे रक्कम घटत जाऊन ८,००० डॉलरला शून्य. तीही फक्त मुले असलेल्या घरांना. यामागे एक रोकडा हिशेब होता. आयकर माफ असलेल्या मजुराच्याही पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो. आज आरोग्यविम्याचा हिस्सा धरून तो दर ७.६५ टक्के आहे आणि पहिल्या डॉलरपासून लागतो. गरिबाच्या खिशातून गेलेला हा पैसा निदान काही प्रमाणात परत करावा, हा मूळ हेतू.

१९७८ मध्ये सवलत कायम झाली. १९८६ साली रेगन यांच्या काळात ती वाढली, १९९० मध्ये पुन्हा वाढली, आणि १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ती बरीच मोठी केली. मुले नसलेल्या कामगारांना तिच्यात प्रथमच जागा मिळाली तीही तेव्हाच. तीन किंवा अधिक मुलांसाठी वेगळा, वरचा दर २००९ साली आला. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी वाढवलेली गरिबांसाठीची योजना अमेरिकेत विरळाच.

मदतीला कामाशी बांधण्याचा विचार १९७० च्या दशकात महाराष्ट्रातही चालू होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. फरक मोठा आहे. महाराष्ट्राने काम मागणाऱ्याला काम द्यायची हमी घेतली. अमेरिकेने ज्याला काम मिळालेले आहे त्याच्या कमाईत भर घालायचे ठरवले. ज्याला कामच मिळाले नाही, त्याच्यासाठी ईआयटीसीत एक सेंटही नाही. ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते, आणि ती जन्मापासूनची आहे.

चढ, सडा आणि उतार

रक्कम किती मिळेल हे कमाई, मुलांची संख्या आणि लग्न झाले आहे की नाही यांवर ठरते. आकड्यांचा आलेख काढला तर तो कोकणातल्या सडा असलेल्या डोंगरासारखा दिसतो: आधी चढ, मग सपाट माथा, मग लांबलचक उतार.

दोन मुलांना एकटीने वाढवणारी आई घेऊ. आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत. चढावर तिला कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट मिळतात. वर्षाला १०,००० डॉलर मिळवले तर सवलत ४,००० डॉलर. कमाई १७,८८० डॉलरवर पोचली की सवलत ७,१५२ डॉलर होते आणि तिथे थांबते. २३,३५० डॉलरपर्यंत ती तेवढीच राहते. त्यापुढे प्रत्येक वाढीव डॉलरमागे सुमारे २१ सेंट कमी होत जातात आणि ५७,३१० डॉलरला सवलत संपते. जोडप्याने एकत्र विवरणपत्र भरले तर उतार थोडा उशिरा, ३०,४७० डॉलरपासून सुरू होतो.

हीच आई ३०,००० डॉलर मिळवत असेल तर तिला सुमारे ५,७५० डॉलर ईआयटीसी मिळते. शिवाय मुलांसाठीची दुसरी एक सवलत आहे, चाइल्ड टॅक्स क्रेडिट. २०२५ साठी ती सतरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर आहे आणि त्यांतले १,७०० डॉलरपर्यंत रोख मिळू शकतात. तिचा आयकर जेमतेम ६४० डॉलरच्या आसपास निघतो. तो या सवलतीत मिटतो आणि वर ३,४०० डॉलर रोख उरतात. दोन्ही मिळून नऊ हजारांहून थोडे जास्त, म्हणजे तिच्या साडेतीन महिन्यांच्या पगाराहून अधिक. थकलेले घरभाडे, गाडीची दुरुस्ती, मुलांचे दात, क्रेडिट कार्डाचे कर्ज, अशा तुंबलेल्या गोष्टी या पैशाने मार्गी लागतात.

उताराची बाजूही सांगायला हवी. त्या टप्प्यात ओव्हरटाइम करून मिळवलेल्या एका डॉलरमधून २१ सेंट सवलतीतून जातात आणि ७.६५ सेंट सामाजिक सुरक्षेच्या करात. बाकी काही न धरताही जवळजवळ २९ सेंट गेले. अन्नसाहाय्यासारख्या इतर मदतीही त्याच सुमारास आटू लागतात. पगारवाढ मिळूनही हातात फारसे काही वाढत नाही, ही अशा घरांची तक्रार म्हणून खरी आहे.

या सवलतीमुळे लोक अधिक काम करतात का, यावर बराच वाद झाला आहे. नाडा आयसा आणि जेफ्री लीबमन यांनी १९८६ च्या वाढीचा अभ्यास करून एकट्या मातांचा रोजगार वाढल्याचे १९९६ मध्ये दाखवले. पुढे हेन्रिक क्लेव्हन यांनी अशा निष्कर्षांवर शंका घेतली; रोजगारवाढीची कारणे त्या काळातल्या इतर बदलांत आहेत, असे त्यांचे म्हणणे. माझ्या दृष्टीने हा वाद दुय्यम आहे. पूर्ण वेळ राबणाऱ्या बाईच्या मुलांना पुरेसे मिळावे, यासाठी तिने आणखी राबावे अशी अट कशाला?

मूल कोणाचे, राहते कुठे

सर्वाधिक गोंधळ मुलांच्या अटींत होतो. मूल आपले, सावत्र, दत्तक किंवा सरकारने सांभाळायला दिलेले असू शकते. भाऊ, बहीण, नातू, भाचा, पुतण्याही चालतो. वय एकोणीसच्या आत हवे, पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर चोविसाच्या आत. कायमचे आणि पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. आणि मूल वर्षातला निम्म्याहून अधिक काळ तुमच्याबरोबर अमेरिकेत राहिलेले असले पाहिजे.

ही शेवटची अट आपल्या लोकांनी नीट वाचावी. लेकरू आजी-आजोबांकडे पुण्याला किंवा साताऱ्याला ठेवून आईवडील अमेरिकेत कमावत असतील, तर त्यांनी त्याचा सगळा खर्च केला तरी ईआयटीसीसाठी ते मूल धरता येत नाही. खर्च कोण करते याला इथे महत्त्व नाही. मूल कोणाच्या छताखाली राहते, एवढेच पाहतात. घटस्फोटित पालकांतही यावरूनच चुका होतात, कारण एका मुलासाठी एकालाच दावा करता येतो.

मूल नसलेल्याच्या वाट्याला

अमेरिकेचे किमान वेतन केंद्रीय कायद्याने ताशी ७.२५ डॉलर आहे आणि जुलै २००९ पासून ते वाढलेले नाही. या दराने वर्षभर पूर्णवेळ काम केले तर १५,०८० डॉलर होतात. असा माणूस एकटा असेल, मूल नसेल, तर २०२५ या करवर्षासाठी त्याची ईआयटीसी सुमारे ३०८ डॉलर. या गटाची कमाल रक्कमच ६४९ डॉलर आहे, आणि वय २५ पूर्ण पण ६५ च्या आत असावे लागते. तेवीस वर्षांचा हॉटेलकामगार आणि सहासष्टाव्या वर्षी दुकानात उभी राहणारी बाई, दोघेही बाहेर. २०२१ या एका वर्षापुरती ही रक्कम १,५०२ डॉलरपर्यंत नेली होती, खालचे वय बहुतेकांसाठी १९ केले होते आणि वरची मर्यादा काढली होती. वर्ष सरले आणि सगळे पूर्ववत झाले. हा अन्याय आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

वर्षातून एकदा

पैसा वर्षातून एकदाच येतो, तोही करवर्ष संपल्यावर. खोटे दावे वेळेत पकडता यावेत म्हणून २०१५ च्या कायद्याने असे बंधन घातले की ज्यांच्या विवरणपत्रात ही सवलत आहे त्यांचा सगळा परतावा १५ फेब्रुवारीपर्यंत रोखून धरायचा. त्यामुळे जानेवारीत घाईने विवरणपत्र भरलेल्यांनाही पैसे बहुधा फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला मिळतात. पगारासोबत थोडे थोडे आगाऊ देण्याची सोय १९७९ पासून होती, पण फारच थोड्यांनी ती घेतली आणि २०१० च्या अखेरीस ती बंद झाली.

दरमहा पैसे दिले तर काय होते, हे २०२१ मध्ये दिसले. त्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवून जुलै ते डिसेंबर दर महिन्याला सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० आणि त्यावरच्या मुलामागे २५० डॉलर घरोघरी पाठवले गेले. आईवडिलांची कमाई असलीच पाहिजे, ही अट त्या वर्षापुरती नव्हती. जनगणना खात्याच्या पूरक मापानुसार बालकांमधली गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, ती २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली. संसदेने ही वाढ पुढे चालू ठेवली नाही. २०२२ मध्ये प्रमाण १२.४ टक्के झाले. महामारीच्या काळातल्या इतर मदतीही याच सुमारास थांबल्या होत्या, हे खरे. तरीही गरिबी कमी करणे सरकारच्या हातात असते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

चूक, चौकशी, आणि चौकशीतला भेदभाव

या सवलतीपोटी दिल्या जाणाऱ्या पैशातला साधारण चौथा हिस्सा नियमाबाहेर जातो, असे सरकारचेच अंदाज सांगतात. हा आकडा पुढे करून योजनेवर फसवणुकीचा शिक्का मारला जातो. फसवणूक असतेही. पण मूल कोणाकडे किती महिने राहिले, आईवडिलांपैकी कोणी कोणत्या रकान्यात नाव घालायचे, अशा प्रश्नांवर तुटक संसाराच्या घरांत प्रामाणिक चुका होणारच. निष्काळजीपणे चुकीचा दावा केल्याचे ठरले तर दोन वर्षे आणि फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षे ही सवलत मागता येत नाही.

चौकशी बहुधा टपालाने होते. आयआरएस म्हणजे तिथले करखाते पत्र पाठवते आणि शाळेचा दाखला, घरमालकाचे पत्र, डॉक्टरांच्या नोंदी मागते. तोवर परतावा अडकून राहतो. घर बदललेल्या माणसाला पत्रच पोचत नाही आणि उत्तर आले नाही म्हणून दावा फेटाळला जातो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि अर्थखात्याच्या संशोधकांनी दाखवले की कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या २.९ ते ४.७ पट होत होती, आणि त्याचे एक मोठे कारण ईआयटीसीच्या विवरणपत्रांची निवड करण्याची पद्धत हे होते. त्या वर्षीच आयआरएसच्या आयुक्तांनी हा फरक मान्य केला.

मराठी घरांनी काय पाहावे

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटला की सॉफ्टवेअरवाला डोळ्यांपुढे येतो. पण भावाबहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून चाळिशीत तिकडे गेलेली, दुकानात, गोदामात, पाळणाघरात काम करणारी माणसेही आपलीच आहेत. त्यांना हा हक्क असू शकतो.

नवराबायको दोघांकडे आणि ज्या मुलांमुळे रक्कम वाढते त्या मुलांकडे नोकरीसाठी वैध असलेला सोशल सिक्युरिटी नंबर हवा. बायको जोडीदार म्हणून मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असून तिच्याकडे फक्त करखात्याचा आयटिन क्रमांक असेल, तर एकत्र विवरणपत्रावर ईआयटीसी मिळत नाही. वर्षाचा काही भाग जरी तुम्ही कराच्या दृष्टीने अनिवासी असाल तरी साधारणपणे दावा करता येत नाही. एफ-१ व्हिसावरचे बहुतेक विद्यार्थी पहिली पाच वर्षे याच गटात मोडतात. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थखात्याने स्थलांतरितांसाठी रोख मिळणाऱ्या सवलतींचे नियम कडक करण्याचा इरादा जाहीर केला आहे. व्हिसावर असलेल्यांनी त्या त्या वर्षीचा नियम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भारतातल्या ठेवींचेही भान ठेवावे. एनआरई खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्नच धरले जाते. व्याज, लाभांश, घरभाडे असे गुंतवणुकीचे उत्पन्न २०२५ मध्ये ११,९५० डॉलरच्या वर गेले, तर पगार कितीही कमी असो, ही सवलत पूर्ण जाते.

अनेक राज्ये आपल्याकडून भर घालतात. आपली मोठी वस्ती असलेले न्यू जर्सी केंद्राच्या रकमेच्या ४० टक्के देते, न्यूयॉर्क ३० टक्के. कॅलिफोर्नियाची स्वतःची सवलत २०१५ पासून आहे आणि तिथे आयटिनधारकही पात्र ठरू शकतात.

इतर देशांत

कॅनडात विक्रीकराचा भार हलका करण्यासाठी कमी उत्पन्नाच्या घरांना जीएसटी क्रेडिट मिळते, वर्षातून चार हप्त्यांत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. ब्रिटनने एप्रिल २००३ मध्ये वर्किंग टॅक्स क्रेडिट आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट सुरू केली. तिथे रक्कम आधी अंदाजाने दिली जाई आणि वर्षाअखेर कमाई जास्त निघाली की परत मागितली जाई. गरीब घरांवर वसुलीच्या नोटिसा आल्या आणि योजनेचे नाव त्यातच खराब झाले. ५ एप्रिल २०२५ ला ती बंद झाली; तिची जागा आता युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली आहे.

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार किंवा लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये थेट खात्यात येतात, ते मिळवण्यासाठी आयकराचे विवरणपत्र भरावे लागत नाही. जिथे बहुसंख्य लोक विवरणपत्र भरतच नाहीत तिथे हेच सोयीचे आहे.

दावा कसा करावा

फॉर्म १०४० भरायचा आणि मुले असतील तर सोबत शेड्यूल ईआयसी जोडायचे. मालकाकडून मिळालेला डब्ल्यू-टू हा पगाराचा दाखला, सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँक खात्याचा तपशील लागतो. मुलाची शाळेची आणि दवाखान्याची कागदपत्रे, भाडेकरार वर्षभर एका फाइलमध्ये ठेवावेत. पत्र आलेच तर तीच फाइल उपयोगी पडते. टॅक्सी चालवणाऱ्याची, घरगुती डबे पुरवणाऱ्या बाईची खर्च वजा जाता उरलेली कमाईसुद्धा यात धरली जाते. पेन्शन, बेकारभत्ता आणि घरभाडे मात्र कष्टाच्या कमाईत बसत नाही. मिळालेला परतावा अन्नसाहाय्य किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेसाठी उत्पन्न म्हणून मोजला जात नाही, त्यामुळे त्या भीतीने कोणी मागे राहू नये.

विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानांत शुल्क परताव्यातूनच कापून घेतात, म्हणून ते जाणवत नाही. त्याऐवजी व्हीटा या सरकारमान्य उपक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांना हे काम विनामूल्य करून देतात. ग्रंथालयांत आणि समाजकेंद्रांत त्यांची शिबिरे भरतात. पैसे घेऊन फॉर्म भरणारा त्यावर स्वतःची सही करायला तयार नसेल, तर त्याच्याकडून कागद परत घ्यावेत. सही करणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे.

कर भरण्याइतकी कमाई नाही म्हणून अनेकजण विवरणपत्रच भरत नाहीत, आणि नेमका त्यांचाच पैसा सरकारकडे पडून राहतो. मागची वर्षे राहून गेली असतील तरी विवरणपत्राच्या मुदतीपासून तीन वर्षांच्या आत ते भरून परतावा मागता येतो. त्यानंतर तो हक्क संपतो. तुमचा भाऊ, मावशी, शाळेतला मित्र तिकडे थोड्या पगारावर राबत असेल, तर पुढच्या फोनवर त्याला एवढे विचाराच: गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे भरलीस का?